दानाच्या वहीतून मंडळीची प्रकृती कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहरातली मराठी मंडळी (म्हणजे एका चर्चचा ख्रिस्ती समुदाय), १२० कुटुंबं. रविवारची हजेरी चांगली आहे, एकूण जमा तीन वर्षांत थोडी वाढलीच आहे, तरी पाळकांचा पगार दोन-दोन महिने थकतो आणि डायसिसची (बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाची) असेसमेंट, म्हणजे मंडळीने तिकडे भरायची ठरलेली रक्कम, मागे राहते. कमिटीतल्या काहींचं म्हणणं, दशांशावर (मिळकतीचा दहावा हिस्सा देण्यावर) महिनाभर जोरदार संदेश ठेवावेत. खजिनदारांना विचारायचंय की दान आणि मंडळीचं आरोग्य यांचा खरंच संबंध असतो का, आणि असेल तर सुरुवात कुठून करायची.

संबंध असतो. पण एकूण जमा या आकड्यावरून तो कळत नाही. पैसे किती आले यापेक्षा किती घरांतून आले, कोणत्या नावाने आले आणि ते देणाऱ्याने मोकळ्या मनाने दिले की अडचणीत सापडून, यावर प्रकृती कळते. संदेशांचा विचार त्यानंतर.

आधी वही. मागच्या तीन आर्थिक वर्षांची रोजकीर्द आणि पावतीपुस्तकं घ्या आणि जमेचे प्रकार वेगळे करा: रविवारची थैली (उपासनेत पिशवी फिरवून जमणारं रोख अर्पण), पाकिटातलं मासिक अर्पण किंवा वर्गणी, वाढदिवस-लग्नाचा वाढदिवस-नोकरी यांनिमित्त दिलेलं उपकारस्तुतीचं अर्पण, नाताळ-ईस्टर-कापणीच्या सणाचं अर्पण, सणातला लिलाव, इमारतीसारखे विशेष निधी, आणि हॉलचं किंवा गाळ्यांचं भाडं. बहुतेक वह्यांत हे सगळं ‘दानार्पण’ या एकाच खात्यात पडलेलं असतं आणि तिथेच फसगत होते. भाडं हे दान नाही. मिशन कंपाउंडमधल्या गाळ्यांवर चालणारी मंडळी आतून कितीही पोकळ झाली तरी ताळेबंदात दहा वर्षं धट्टीकट्टी दिसते. पगार, वीज, असेसमेंट यांसारखा चालू खर्च ज्यातून भागतो ते फक्त थैली आणि मासिक पाकीट. म्हणून प्रकृती बघायची ती याच दोन ओळींवर.

आता कुटुंबवार यादी करा. समजा थैली वगळून मासिक पाकिटांची जमा ९६ हजार आहे. १२० कुटुंबं रकमेच्या उतरत्या क्रमाने लावली. वरच्या १२ घरांकडून ५४ हजार, पुढच्या ३८ कडून ३६ हजार, त्यानंतरच्या ३१ कडून मिळून ६ हजार आणि उरलेल्या ३९ कडून शून्य. सरासरी काढली तर घरटी ८०० रुपये येते आणि कमिटी समाधानी होते. पण यादीत बरोबर मधोमध, साठाव्या क्रमांकावर असलेलं घर देतंय जेमतेम २०० रुपये. तीन वर्षांपूर्वीचा महिना असाच मांडला आणि तेव्हा जमा ९० हजार, देणारी घरं ९८, वरच्या १२ घरांचा वाटा ३६ हजार असा निघाला, तर चित्र स्पष्ट होतं: जमा ६ हजारांनी वाढली, पण १७ घरं गळाली आणि वरच्या १२ घरांवरचा भार ४० टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेला. महागाई धरली तर ती वाढसुद्धा वाढ नाही. या १२ पैकी दोन घरं निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेली की महिन्याची नऊ-दहा टक्के जमा एका झटक्यात जाते. पगार थकण्याचं कारण बहुधा इथेच सापडेल.

म्हणून दर तिमाहीला एवढंच काढत जा: तीन महिन्यांत एकदा तरी दिलेली घरं किती, मधल्या घराची रक्कम किती, वरच्या दहा टक्क्यांचा वाटा किती, नव्याने देऊ लागलेली घरं किती आणि थांबलेली किती. चाळिशीच्या आतले देणारे वेगळे मोजता आले तर जरूर मोजा. हे शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण पुढच्या पंधरा वर्षांचा अंदाज त्यातूनच येतो.

आकडे वाचताना दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली म्हणजे आजार नसताना आजार दिसणं. ग्रामीण मंडळीत, विशेषतः नगर, बीड, जालना पट्ट्यात, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्यातच परततात. त्या महिन्यांचं अर्पण बघून ‘विश्वास थंड झाला’ म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. कारखान्याने बिलं लांबवली, सोयाबीनचा भाव पडला, मिशनचं हॉस्पिटल बंद पडून नोकऱ्या गेल्या, तर दान घटणारच. शहरात वेगळीच गंमत: लोकांच्या खिशात रोख पैसेच नसतात. थैली फिरते तेव्हा तरुण माणूस ओशाळून वीसची नोट शोधतो, कारण त्याचा सगळा व्यवहार फोनवर. त्यामुळे तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, मागच्या महिन्याशी नको.

दुसरी चूक जास्त धोक्याची: आजार असताना आरोग्य दिसणं. अनेक मंडळ्यांत वर्गणीची थकबाकी असेल तर मतदार यादीत नाव येत नाही. निवडणुकीच्या आधीच्या दोन महिन्यांत जमेचा उंचवटा येतो. बारा-बारा महिन्यांची वर्गणी एकदम भरली जाते, कधी एकाच हस्ताक्षरातल्या पाकिटांतून दहा घरांची. हे दान नव्हे, ही मतांची तजवीज. पावतीपुस्तकात एकाच दिवशी सलग क्रमांकांच्या थकबाकी पावत्या दिसल्या तर तो महिना हिशेबातून बाजूला ठेवा. बांधकामाचंही तसंच. छत घालायचं म्हटलं की लोक उत्साहाने देतात, कारण छत दिसतं. तेव्हा एकूण जमा दुप्पट होते आणि मासिक पाकीट हळूच निम्म्यावर येतं. आणि भांडणात तर दोन्ही गट हिरिरीने देतात, हे ज्यांनी मंडळीतली फूट जवळून पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

शिवाय दान उशिरा बोलतं. जुन्या सभासदांचं मन उडालं तरी पाकीट सवयीने येत राहतं. आधी ते कमिटीतून बाहेर पडतात, मग बुधवारच्या प्रार्थनेला येणं सोडतात, मग उपासनेत मागच्या बाकावर बसतात, आणि पाकीट थांबतं ते वर्षा-दीड वर्षाने. तरुणांचं नेमकं उलट: ते आधी देणं थांबवतात, येणं नंतर. म्हणून आज दिसणाऱ्या घसरणीचं कारण मागच्या वर्षीच्या घटनांत शोधायचं असतं. पाळक बदलले होते का, जमिनीचा व्यवहार झाला होता का, कोणाच्या दफनाच्या वेळी थकबाकीवरून वाद झाला होता का?

या शेवटच्या गोष्टीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वर्गणी थकली म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला अडवणं, लग्नाची घोषणा रोखणं किंवा दफनभूमीत जागेसाठी पावत्या मागणं यातून वसुली होते आणि मंडळी मरते. त्या कुटुंबाने पैसे भरले तरी पुढच्या पिढीत ते घर गेलं असं समजा. मतदानाचा हक्क मंडळीच्या घटनेप्रमाणे सांभाळा, पण संस्कार आणि शेवटचा निरोप यांना त्यापासून तोडा, आणि तसा ठराव कमिटीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

दान का आटतं याची कारणं पुष्कळ असली तरी मराठी मंडळ्यांत सर्वाधिक वेळा सापडतं ते एकच: पैशाचं पुढे काय होतं ते कळत नाही. प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीत कुरकुर सुरू झाली ती रोजच्या वाटणीत काही विधवांकडे दुर्लक्ष होतं म्हणून. प्रेषितांनी त्यावर दानाचा संदेश दिला नाही. लोकांनाच सात माणसं निवडायला सांगितली. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या मंडळीसाठी वर्गणी गोळा केली तेव्हाही ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी नेमलेली माणसं सोबत घेतली आणि आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून असं करतो, हे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात लिहूनही ठेवलं. दशांश भांडारात आणा असं सांगणारं मलाखी ३:१० व्यासपीठावरून ऐकवणाऱ्यांनी त्याआधी हे दोन उतारे कमिटीच्या बैठकीत वाचावेत.

आता प्रत्यक्ष काम. दशांशाचे संदेश सध्या थांबवा आणि पहिले तीन महिने फक्त हिशेब दुरुस्त करा.

मोजणीपासून सुरुवात. थैली उपासना संपताच, इमारतीतच, किमान दोन माणसांनी मोजायची; दोघं एका घरातली नसावीत आणि त्यांत पाळक नसावेत. नोटांच्या मूल्यानुसार मोजणीची चिठ्ठी दोन प्रतींत, खाली दोघांच्या आणि खजिनदारांच्या सह्या. एक प्रत रोकडीसोबत, दुसरी सचिवांकडे. मोजणाऱ्यांची पाळी दर महिन्याला बदला. रक्कम बँकेच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी जशीच्या तशी भरायची. ‘त्यातलेच पाचशे काढून फुलांचे दिले’ हा प्रकार बंद. खर्च करायचा तर खात्यातून किंवा ठरावीक किरकोळ रोख रकमेतून, व्हाऊचर करून. बँकेची भरणा पावती आणि मोजणीची चिठ्ठी यांतली रक्कम तंतोतंत जुळली पाहिजे. इथे निम्म्या मंडळ्या घसरतात, आणि बहुतेक वेळा चोरी नसतेच, नुसती ढिलाई असते. पण बाहेरून बघणाऱ्याला चोरी आणि ढिलाई सारखीच दिसते.

क्यूआर कोड लावायचा तर तो मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या बँक खात्याचाच. खजिनदारांच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर पैसे घेणं, मग ते कितीही सोयीचं वाटो, नको. खजिनदार बदलला की त्या नंबरवर येत राहणाऱ्या पैशांचा गोंधळ वर्षभर निस्तरत बसावा लागतो, शिवाय ती रक्कम त्यांच्या वैयक्तिक खात्यात दिसते. कोडवरचं स्टिकर कोणी बदललं नाही ना हे महिन्यातून एकदा एक रुपया पाठवून तपासा. देणाऱ्याने शेऱ्यात पाकीट क्रमांक (वहीत त्याच्या नावापुढे ठरलेला) टाकावा, म्हणजे नोंद करताना अंदाज बांधावे लागत नाहीत.

विशेष निधी हा सगळ्यात नाजूक भाग. छताच्या नावाने आलेला पैसा पगारात गेला तर हिशेबतपासनीस कदाचित चालवून घेईल, देणारा घेणार नाही. आजवर असा किती पैसा इकडचा तिकडे गेला ते काढा आणि आकडा लोकांसमोर ठेवा, लाज वाटली तरी. मग तो परत कसा भरणार याचा ठराव तारखांसह करा, उदाहरणार्थ दरमहा पाच हजार. पुढे कधी उसना घ्यावा लागलाच तर आधी लेखी ठराव, परतीच्या तारखेसह.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सूचना फलकावर एक पान लावा, एकच. जमा प्रकारवार, खर्च प्रकारवार, चालू खात्याची शिल्लक, प्रत्येक विशेष निधीची शिल्लक वेगळी, पाळकांचा पगार कोणत्या महिन्यापर्यंत दिला, असेसमेंट किती बाकी. पान इतकं सोपं असावं की महिला मंडळातल्या आजींनाही कोणाला न विचारता वाचता यावं. वार्षिक सभेत चाळीस पानी अहवाल घाईघाईने वाचून दाखवणं याला पारदर्शकता म्हणत नाहीत. आणि त्या अहवालात नावांपुढे रकमा छापायची जुनी पद्धत असेल तर ती सोडा. गरीब माणूस आपल्या नावापुढचे ६०० रुपये बघून खाली मान घालतो, श्रीमंत माणूस शेजाऱ्यापेक्षा शंभर जास्त देऊन थांबतो. प्रत्येकाला त्याचा तिमाही हिशेब बंद पाकिटात द्या. त्याने वहीतली चूकही पकडली जाते आणि आठवणही होते.

पाळकांना कोण किती देतो हे माहीत असावं का, यावर मतभेद आहेत. एखादं घर अचानक थांबलं हे पाळकांना कळायलाच हवं, कारण बहुतेक वेळा त्यामागे नोकरी गेलेली असते, दुखणं असतं किंवा मन दुखावलेलं असतं. रक्कम मात्र कळण्याची गरज नाही. खजिनदारांनी एवढंच सांगावं: या चार घरी जाऊन या.

कायद्याच्या बाबतीत तीन ठिकाणी पाय घसरतो. मंडळी स्वतः नोंदणीकृत असो वा डायसिसच्या ट्रस्टखाली असो, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशेबाची तपासणी बंधनकारक आहे आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जायला हवा. तो रेंगाळला की ‘खरी कमिटी कोणती’ हा वाद उभा राहतो, खटले चालतात आणि वकिलाच्या फीसाठी दान कोणी देत नाही. दुसरं, आयकरातली ८०-जी नावाने ओळखली जाणारी सवलत केवळ एका धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेच्या देणगीला सर्वसाधारणपणे मिळत नाही, तेव्हा पावतीवर तसं छापू नका आणि तोंडी आश्वासनही देऊ नका. तिसरं परदेशातल्या मुलांबद्दल. मुलगा दुबईला असेल आणि पासपोर्ट भारतीय असेल तर त्याच्या कमाईतलं दान विदेशी देणगी ठरत नाही. पण अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेल्या लेकीने, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, सुट्टीत येऊन रुपयांत दिलं तरी ती विदेशी देणगी होते. २०१० च्या विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं ठरलेलं खातं नसेल तर ती घेता येत नाही. अशा वेळी नम्रपणे नाही म्हणा.

हिशेब तीन महिने फलकावर लागला आणि उसना निधी परत भरायला लागलात, मग अंदाजपत्रकाची सभा घ्या. कमिटीने ठरवून सांगायचं नाही. रविवारी उपासनेनंतर चहा ठेवून सगळ्यांसमोर विचारायचं की पुढच्या वर्षी मंडळीने काय काय करावं. समजा थैलीतून भागतो तो भाग सोडून वर्षाचा चालू खर्च १४ लाख निघाला आणि मासिक पाकिटं ११ लाख ५२ हजार देतात, तर तूट २ लाख ४८ हजार, म्हणजे महिन्याला २०,६६७ रुपये. हा आकडा फळ्यावर लिहा. ‘देवाला द्या’ यापेक्षा ‘आपल्याला महिन्याला एकवीस हजार कमी पडतात’ हे माणसाला लगेच समजतं. आणि त्याच फळ्यावर बाहेरच्या गरजूंसाठी किती ठेवलेत तेही लिहा. सगळा खर्च स्वतःवरच असलेल्या मंडळीत दान वाढत नाही, आणि वाढूही नये असं मला वाटतं.

त्यानंतर शिकवण. चार रविवार पुरेत, आणि मध्यभागी २ करिंथ ८ व ९ असू द्या: आपापल्या मनात ठरवून, भाग पडतं म्हणून नव्हे, आनंदाने. १ करिंथ १६:२ मध्ये नियमितपणा आणि मिळकतीच्या प्रमाणात देणं या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. ‘दिलंत की दुप्पट मिळेल’ हा सूर कटाक्षाने टाळा. बचत गटाचे आणि फायनान्स कंपन्यांचे हप्ते डोक्यावर असलेली बाई तो ऐकून कर्ज काढून अर्पण करते, मग वर्ष उलटलं की देवावरचाही विश्वास गमावते. व्यासपीठावरून उघड सांगा की हप्ते थकलेल्या घराने आधी हप्ते भरावेत, आणि मंडळीच्या मदतनिधीचा अर्ज सचिवांकडे मिळतो.

संकल्पपत्र टक्क्यांत ठेवा. लोक प्रत्यक्षात मिळकतीच्या एक-दोन टक्के देत असताना दहाचा आग्रह धरला की बहुतेक जण पत्र भरतच नाहीत. सध्या किती टक्के जातं ते घरी बसून काढा आणि पुढच्या वर्षी एक टक्का वाढवा, एवढंच म्हणा. दरमहा २५ हजार मिळवणाऱ्या घराला एक टक्का म्हणजे अडीचशे रुपये, हे जमतं. वरच्या उदाहरणात शून्यावरच्या ३९ पैकी २० घरांनी अडीचशे दिले आणि मधल्या ३८ घरांनी चारशे वाढवले तर महिन्याला २०,२०० येतात. तूट जवळजवळ तिथेच भरते, वरच्या १२ घरांकडे एक रुपयाही जास्त न मागता.

ज्यांच्या हातात रोख नाही त्यांच्यासाठी वस्तुरूप दानाची वाट मोकळी ठेवा. मिझोराममध्ये बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, मंडळीतल्या स्त्रिया तो गोळा करतात आणि विक्रीचे पैसे मंडळीच्या कामाला जातात. शतकाहून जास्त काळ हे चालू आहे. ते टिकलं कारण गोळा करण्याचा दिवस ठरलेला आहे, हिशेब बायकांकडेच आहे आणि गरिबातल्या गरिबाला देणारा होता येतं. आपल्याकडे कापणीच्या सणाला लिलाव होतो तो छानच, पण वर्षातून एकदा. त्यात चढाओढीने दोन हजारांना गेलेला नारळ पुष्कळदा उधारीवर राहतो. लिलावाची वसुली महिन्याच्या आत झाली नाही तर ती रक्कम जमेत धरू नका.

तरुणांचं वेगळं सांगतो. पहिला पगार देवाला द्यायची सुंदर रीत आपल्या घरांत आहे. पण तो दिल्यावर बहुतेक ठिकाणी त्या मुलाला कोणी पाकीट क्रमांकच देत नाही, कारण ‘वडिलांच्या नावावर आहे ना’. ज्या रविवारी पहिला पगार येईल त्याच रविवारी त्याच्या नावाचा क्रमांक उघडा आणि मोजणीच्या पाळीत त्याचं नाव टाका. स्वतःच्या हाताने थैली मोजलेला मुलगा हिशेबाबद्दल बाहेर काय बोलतो ते सहा महिन्यांत ऐकू येईल.

१८५४-५५ मध्ये अमेरिकन मिशनचे सचिव रूफस अँडरसन मुंबई-नगरकडच्या मंडळ्या पाहायला आले, तेव्हापासून स्वावलंबन हा शब्द आपल्याकडे फिरतो आहे. अँडरसन तो एकटा वापरत नसत. आपला कारभार आपण करणं आणि सुवार्ता आपण पुढे नेणं हे त्याच्या जोडीला असे. कारभार चार घरांत ठेवून खर्च मात्र १२० घरांनी उचलावा ही अपेक्षा तेव्हाही पुरी झाली नव्हती. म्हणून कमिटीला विचारा की या १२० पैकी किती घरांतलं कोणी ना कोणी गेल्या वर्षी मंडळीच्या एखाद्या कामात होतं: शब्बाथ शाळा, गायनसंघ, मोजणी, भेटी, झाडलोट, काहीही. ती यादी आणि दान देणाऱ्यांची यादी शेजारी ठेवा. दोन्हींत नसलेली घरं निवडा आणि पहिल्या तीन महिन्यांत पाळकांनी व एका पंचाने (कमिटीच्या सभासदाने) त्या प्रत्येक घरी जावं, पावतीपुस्तक सोबत न नेता.